तीन खोल्यांत तीन आवाज: घरच्या घरी वेगवेगळं ऐकण्याची सोय

घर दोन-तीन खोल्यांचं, माणसं चार आणि प्रत्येकाला ऐकायचं वेगळं. आजोबांना आकाशवाणीच्या बातम्या, स्वयंपाकघरात नाट्यगीतं, अभ्यासाच्या खोलीत पॉडकास्ट. बहुतेक घरांत हॉलमधल्या टीव्हीचाच आवाज सगळीकडे पसरतो आणि बाकीचे कानात इअरफोन घालतात. पण पोळ्या लाटताना इअरफोनची वायर मधे येते, आणि वयस्कर माणसांना तासन्‌तास कानात काही घालून बसणं सोसत नाही. प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा आवाज देता येतो, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. हा लेख त्यासाठीच आहे. वायर, पिन, राउटर एवढे शब्द ओळखीचे असतील तर पुढचं सगळं जमेल.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच. एका वेळी जितके वेगळे आवाज हवेत, तितके प्लेअर लागतात. प्लेअर म्हणजे गाणं किंवा रेडिओ प्रत्यक्ष वाजवणारं यंत्र: फोन, लॅपटॉप, ट्रान्झिस्टर, स्मार्ट स्पीकर. एकाच फोनला चार स्पीकर जोडले तर चारही खोल्यांत तेच गाणं वाजेल. दुकानात 'मल्टिरूम' म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून विकत घेण्याआधी विचारा: 'या दोन स्पीकरवर एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी वाजवून दाखवता का?'

कागदावर घर मांडा

प्रत्येक खोलीसाठी चार गोष्टी लिहा: कोण ऐकतं, काय ऐकतं, कोणत्या वेळेला, आणि त्या खोलीत आधीपासून काय आहे. माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर स्पीकर, बंद पडलेल्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकरचे खोके, ३.५ मिलिमीटरची भोकं असलेले जुने फोन हे सगळं यादीत घ्या. मग पाहा, एकाच वेळी खरोखर किती वेगळे आवाज लागतात. पाच खोल्यांच्या घरातही हा आकडा क्वचितच तीनच्या वर जातो.

अजून एक रकाना ठेवा: यंत्र कोण हाताळणार? ज्या खोलीत सत्तरीपुढचं माणूस आहे तिथे ॲपवर चालणारी वस्तू ठेवू नका. तिथे बटण किंवा फिरवायची खुंटी हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सगळ्यात सोपा रस्ता

घरात दोन जुने अँड्रॉइड फोन असतील तर आजच सुरुवात करता येईल. फोनमधलं सिम काढा, घरचं वाय-फाय जोडा, सूचना बंद करा आणि ३.५ मिलिमीटरच्या वायरने तो कॉम्प्युटर स्पीकरला लावा. 'न्यूज ऑन एअर' या ॲपमध्ये आकाशवाणीची मराठी केंद्रं मिळतात. शिवाय तुमच्या आवडीचं गाण्यांचं ॲप टाका. त्या खोलीचा प्लेअर तयार झाला. अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरची बंधनं काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने गाणं थांबतं. सतत चार्जिंगला असलेल्या जुन्या फोनची पाठ मधूनमधून तपासा. ती फुगलेली दिसली तर तो फोन त्याच क्षणी वापरातून काढा, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

ब्लूटूथ स्पीकरही चालतो, पण त्याच्या मर्यादा ओळखून. ब्लूटूथमध्ये आवाज फोनमधून निघतो. फोन घेऊन तुम्ही बाहेर गेलात की गाणं तुटतं, आणि फोन आला की गाणं थांबतं. मोकळ्या जागेत दहा मीटरपर्यंत मिळणारी पोच विटांच्या दोन भिंती आल्या की बरीच कमी होते. कास्ट करता येणाऱ्या (म्हणजे फोनवरून काय वाजवायचं ते सांगता येणाऱ्या) वाय-फाय स्पीकरचं काम वेगळं चालतं. तुम्ही फोनवरून फक्त हुकूम देता, गाणं तो स्पीकर स्वतः इंटरनेटवरून आणतो. त्यामुळे एकाच फोनवरून स्वयंपाकघरात एक आणि बेडरूममध्ये दुसरं असं लावता येतं, आणि फोन खिशात घालून बाहेर पडलात तरी घरातली गाणी चालू राहतात.

इथे बरेचजण अडतात ते खात्यापाशी. उदाहरणार्थ, स्पॉटिफायच्या एका व्यक्तीच्या प्रीमियम खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. दुसऱ्या खोलीत सुरू केलं की पहिल्या खोलीतलं थांबतं. स्पीकर बिघडलेला नसतो, ती खात्याची मर्यादा असते. अनेक जणांसाठीच्या योजनेत प्रत्येकाला स्वतंत्र खातं मिळतं. घरात दोघं-तिघं एकाच वेळी ऐकणार असतील तर तीच घ्यावी. रेडिओला आणि तुमच्या स्वतःच्या फायलींना असलं बंधन नाही, आणि माझा कल त्यांच्याकडेच आहे.

एक कॉम्प्युटर, अनेक खोल्या

घरात जो कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो तोही दोन-तीन खोल्या सांभाळू शकतो. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड (कॉम्प्युटरमधला आवाज बाहेर काढणारी जोडणी) काही शे रुपयांत मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ ही अशा वस्तूंची जुनी ठिकाणं. प्रत्येक खोलीसाठी एक कार्ड लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर इथे गेलात की चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम दिसतो आणि त्याचा आवाज कोणत्या कार्डातून बाहेर पडावा हे ठरवता येतं. म्हणजे ब्राउझर एका खोलीत आणि व्हीएलसी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम दुसऱ्या खोलीत. हे ठरतं प्रोग्रामनुसार, टॅबनुसार नाही. त्यामुळे एकाच ब्राउझरच्या दोन टॅबचा आवाज दोन खोल्यांत विभागता येत नाही. त्यासाठी दोन वेगळे ब्राउझर उघडा.

कार्डापासून खोलीतल्या स्पीकरपर्यंतची वायर शिल्डेड, म्हणजे आत धातूचं आवरण असलेली घ्या. दहा मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर (स्पीकर वाजेल इतका आवाज मोठा करणारं यंत्र) वेगवेगळ्या सॉकेटवर असले की कधीकधी सारखी घूंऽऽ अशी गुणगुण ऐकू येते. ती अर्थिंगच्या दोन वेगळ्या वाटांमुळे येते. काही जण त्यावर उपाय म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. तेवढ्याने गेलं नाही तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी वायरच्या मधे लावा.

मला सर्वांत पटलेली पद्धत

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जमवलेली गाणी, कीर्तनं, रेकॉर्ड केलेल्या मैफली आहेत त्यांच्यासाठी ही पद्धत. गच्चीवर टाकी एक आणि प्रत्येक खोलीत नळ वेगळा, तशी ही रचना आहे: गाणी एका जागी, प्रत्येक खोलीत स्वतंत्र प्लेअर.

यासाठीचा प्रोग्राम म्हणजे लिरियन म्युझिक सर्व्हर. लॉजिटेक कंपनीच्या स्क्वीझबॉक्स नावाच्या, गाणी वाजवणाऱ्या यंत्रांसाठी तो वापरला जाई. कंपनीने २०१२ मध्ये ती यंत्रं बंद केली, पण प्रोग्राम मुक्त (कोणालाही बदलता येणारा) असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच तो जिवंत ठेवला आणि २०२४ मध्ये त्याला हे नाव मिळालं. तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतो. त्याचा माझ्या दृष्टीने मोठा गुण असा, की प्रत्येक खोलीची गाण्यांची रांग तो वेगळी सांभाळतो. आजींच्या खोलीत अभंग चालू असताना तुम्ही हॉलची यादी बदललीत तर अभंगाला धक्का लागत नाही.

सुरुवात अशी करा.

सगळी गाणी एका फोल्डरमध्ये आणा. आत गायक किंवा प्रकार यांनुसार उपफोल्डर करा. डाउनलोड केलेल्या जुन्या मराठी गाण्यांत गायकाच्या जागी एखाद्या वेबसाइटचं नाव असतं, अल्बमची जागा रिकामी असते. एमपी३टॅग या प्रोग्रामने ती माहिती दुरुस्त करा. देवनागरीत लिहिलीत तरी चालते. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. माहिती चुकीची असेल तर हजार गाण्यांतून हवं ते सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते ऐकलं जात नाही.

मग कॉम्प्युटरवर लिरियन बसवा आणि त्याला तो फोल्डर दाखवा. घरातल्या कुठल्याही फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला त्याचा आकडी पत्ता), पुढे कोलन आणि ९००० हा आकडा टाकला की गाण्यांचं पान उघडतं. लॅपटॉप वापरत असाल तर त्याची झोपी जाण्याची सेटिंग बंद करा. तो झोपला की सगळ्या खोल्या एकदम गप्प होतात.

आता खोलीतला प्लेअर. मी रास्पबेरी पाय सुचवेन, पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. मॉडेल ३ आणि ४ यांना हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे. मॉडेल ५ आणि झीरो यांना ते नाही, त्यांना आवाजासाठी वेगळं कार्ड लागतं. नव्या माणसाने ३ किंवा ४ घ्यावं. ॲडॉप्टर चांगला हवा: मॉडेल ३ ला ५ व्होल्ट २.५ ॲम्पिअर, मॉडेल ४ ला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर. हाताशी असलेला जुना मोबाइल चार्जर लावलात तर यंत्र मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

मेमरी कार्डावर पायकोअरप्लेअर हा प्रोग्राम चढवा. मी हाच निवडतो, आणि त्यामागे आपल्याकडच्या विजेचं कारण आहे. तो सुरू झाल्यावर सगळा पायच्या आतल्या मेमरीत (रॅममध्ये) जाऊन बसतो आणि कार्डावर सारखं लिहीत नाही. त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती फार कमी. गावाकडे जिथे दिवसातून चार वेळा लाइट जाते, तिथे हा फरक मोठा आहे. पहिल्यांदा सुरू करताना पाय लॅनच्या वायरने राउटरला जोडा. राउटरच्या यादीत त्याचा आयपी पत्ता दिसेल. तो ब्राउझरमध्ये टाका. उघडलेल्या पानावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरा, आवाज कोणत्या भोकातून बाहेर यावा ते निवडा आणि प्लेअरला खोलीचंच नाव द्या: 'स्वयंपाकघर', 'आजींची खोली'. मग लॅनची वायर काढून पाय त्या खोलीत ठेवा. लिरियनच्या पानावर प्लेअरच्या यादीत ते नाव आपोआप दिसायला लागतं. पायच्या हेडफोनच्या भोकातला आवाज बातम्यांना आणि भजनांना पुरतो. शास्त्रीय गाणं मन लावून ऐकायचं असेल तर पुढे यूएसबीचं चांगलं साउंड कार्ड लावा.

विजेचं बिल वाढेल ही काळजी नको. पाय वर्षभर चालू ठेवला आणि पाच वॅट धरले, तरी महिन्याला साधारण ३.६ युनिटं होतात. मोठा ॲम्प्लिफायर मात्र ऐकून झाल्यावर बंद करा.

माळ्यावरच्या जुन्या खोक्यांना छोटा ॲम्प्लिफायर लागेल. दुकानात पीएएम८४०३ नावाची ५ व्होल्टवर चालणारी, ॲम्प्लिफायरच्या सर्किटची इवलीशी पाटी मिळते. ती प्रत्येक बाजूला सुमारे ३ वॅट देते आणि छोट्या खोलीला एवढं भरपूर झालं. तिला वायर जोडताना डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वजा बाजू एकमेकींना जोडू नका, पाटी जळेल. एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर एकत्र जोडू नका. आणि ८ ओमचे (ओम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप) दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ते ४ ओमचे दिसतात, तेव्हा ४ ओम चालतं का हे पाटीवर किंवा खोक्यावर आधी वाचा.

प्लेअर दिसतच नसेल तर

निम्म्याहून अधिक अडचणी राउटरपाशी सुटतात. वेगाची चिंता नको. चांगल्या प्रतीचं एमपी३ गाणं सेकंदाला ३२० किलोबिट घेतं, म्हणजे तीन खोल्या मिळून एक मेगाबिटच्या आसपास. कुठलंही वाय-फाय एवढं सहज पेलतं. अडचण असते ती यंत्रं एकमेकांना न दिसण्याची.

हल्ली फायबर कंपनीचा डबा दारापाशी असतो आणि आतल्या खोल्यांसाठी घरमालक दुसरा राउटर लावतो. हा दुसरा राउटर त्याच्या वॅन (बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या) भोकातून जोडला की घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. सर्व्हर एका जाळ्यात, प्लेअर दुसऱ्या जाळ्यात, आणि ते एकमेकांना सापडत नाहीत. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका, जाळं एक होईल. प्लेअर पाहुण्यांच्या वाय-फायवर जोडलेला नाही ना, हेही बघा. त्या वाय-फायवर यंत्रांना एकमेकांशी बोलायला मनाई असते. आणि राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्या.

आजी-आजोबांची खोली

या खोलीवर सर्वांत जास्त लक्ष द्या असं मी मनापासून सांगेन. बाकीची माणसं अडलं तर फोन काढून ऐकतात. या खोलीतलं माणूस मात्र यंत्र चालत नसेल तर कोणाला न सांगता ऐकणंच सोडून देतं.

त्यांना सवयीचा ट्रान्झिस्टर असेल तर तो काढू नका. तोही स्वतंत्र प्लेअरच आहे. मीडियम वेव्हवर खरखर वाढली असेल तर जवळचे एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करून पाहा, बऱ्याचदा त्यांच्यातूनच ती येते. सेट खिडकीपाशी नेऊन थोडा फिरवून ठेवला तरी फरक पडतो, कारण आतला ॲन्टेना दिशेनुसार लहरी पकडतो.

ट्रान्झिस्टरवर हवं ते केंद्र लागत नसेल तर लिरियनचा गजर वापरा. गजर प्रत्येक प्लेअरला वेगळा लावता येतो, आणि गजर म्हणून रेडिओचं केंद्रही निवडता येतं. सकाळच्या बातम्यांच्या वेळेला त्या खोलीत आकाशवाणी आपोआप सुरू होईल, आवाजही ठरवलेला असेल. त्यांच्या हातात फक्त स्पीकरवरची खुंटी राहू द्या. आवाज लहान-मोठा करणं आणि बंद करणं यापलीकडे त्यांना काही करावं लागू नये.

वयाबरोबर कानाला उंच स्वर कमी ऐकू यायला लागतात. 'स', 'श' यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात, म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार असते. आवाज वाढवून ते सुधारत नाही, उलट इतरांना त्रास होतो. स्पीकर खुर्चीजवळ, कानाच्या उंचीला आणा, बास (खालचे स्वर) कमी करा, ट्रेबल (उंच स्वर) थोडं वाढवा. शब्द कळू लागतात.

आवाज खोलीतच राहावा म्हणून

वेगवेगळे आवाज लावले आणि ते दारातून एकमेकांत मिसळले तर सगळी मेहनत फुकट जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. याचा उपयोग करून घ्या: स्पीकर ऐकणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि हळू लावा. हॉलच्या कोपऱ्यातला मोठा स्पीकर स्वयंपाकघरापर्यंत पोचवण्यापेक्षा ओट्याजवळचा छोटा स्पीकर केव्हाही चांगला. फक्त तो शेगडीच्या वाफेपासून आणि नळापासून दूर, डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवा.

भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः बास. दोन खोल्यांच्या सामायिक भिंतीला टेकून स्पीकर ठेवू नका. ठेवावाच लागला तर खाली रबराचा जाड तुकडा घाला आणि पाठ भिंतीपासून वीतभर सोडा. दाराखालच्या फटीतून आश्चर्य वाटेल इतका आवाज जातो. तिथे रबरी पट्टी लावली की मुलांच्या अभ्यासाची खोली बरीच शांत होते. सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) फ्लॅटमध्ये नकोच, खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करायला हवा.

एव्ही रिसीव्हर आधीच घरात असेल तर

एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि इतर यंत्रांचा आवाज स्पीकरांना देणारं यंत्र. काही रिसीव्हरवर 'झोन २' असतो, म्हणजे टीव्हीचा आवाज हॉलमध्ये आणि दुसरा आवाज दुसऱ्या खोलीत. पण अनेक मॉडेलांत झोन २ ला फक्त लाल-पांढऱ्या ॲनालॉग पिनांतून आलेला आवाज मिळतो, एचडीएमआय किंवा ऑप्टिकलमधून आलेला मिळत नाही. पुस्तिकेत हे आधी पाहा. केवळ या सोयीसाठी नवा रिसीव्हर घेऊ नका, त्याच पैशांत दोन-तीन खोल्यांचे स्वतंत्र प्लेअर होतात.

सगळीकडे एकच हवं तेव्हा

गणपतीत आरती किंवा दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी सगळ्या घरात एकच सूर हवा असतो. लिरियनच्या पानावर प्लेअर निवडून 'सिंक्रोनाइझ' केलं की निवडलेल्या खोल्या एकत्र वाजतात, आणि नंतर तिथूनच त्या पुन्हा सुट्या करता येतात. एखाद्या खोलीतला आवाज किंचित मागे-पुढे वाटला तर त्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले'चा आकडा थोडा थोडा बदला. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून टाळ्यांच्या किंवा टाळांच्या ठेक्यावर कान ठेवला की फरक लगेच कळतो. ट्रान्झिस्टर या जुळणीत येत नाही. इंटरनेटवरचं आकाशवाणीचं केंद्र प्रत्यक्ष प्रसारणापेक्षा काही सेकंद मागे चालतं, म्हणून एका खोलीत ट्रान्झिस्टर आणि शेजारच्या खोलीत प्लेअर असं एकच केंद्र लावू नका. दोन्हीकडे प्लेअरच लावा.